बिनकडीची दारे

२ मे
आजोबांकडून नातीस

चि. किल्ली हिस आजोबांचा आशीर्वाद.

तू गेल्यापासून दुकानात शांतता आहे. ती मला आवडलेली नाही. तुझी आई म्हणते की मोठ्या दुखण्यातून उठलेल्या, किंवा अजून त्यातच असलेल्या मुलांबरोबर उन्हाळ्याची सुट्टी काढलीस म्हणजे तुझी तब्येत आणि मन दोन्ही सावरेल. तुझी आई शिकलेली आहे. शिकलेल्या माणसांचा एक दोष असतो. छापील कागदावर चार हसरी मुले दिसली की ती सही करून मोकळी होतात. सहीपूर्वी मला विचारण्यात आले नाही, याची नोंद असावी.

मी आयुष्यभर कुलपे केली आणि दुरुस्त केली. माणसाची पारख मला तोंडावरून होत नाही, दारावरून होते. सबब आधी एवढे कळव: तुझ्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे काय? किल्ल्या कोणाकडे असतात? तुम्ही झोपल्यावर दार कोणास उघडता येते? जेवण, खेळ, गाणी यांविषयी लिहिलेस तर हरकत नाही. मात्र ते नंतर.

गोळ्या वेळेवर घ्याव्यात. कोणी गोड बोलले तर ऐकून घ्यावे, लगेच विश्वास ठेवू नये.

तुझे आजोबा

५ मे
किल्लीकडून आजोबांना

आजोबा, नमस्कार!

तुम्ही म्हणालात तसं आधी दारं. खोलीला कडी नाही. बाथरूमला नाही. कुठल्याच दाराला आतून कडी नाही! मी सगळी बघून आले. सिस्टर म्हणाल्या, "काय गं, घर विकत घ्यायचंय का?" किल्ल्यांचा जुडगा सुतारकाकांकडे असतो. इथली सगळी दुरुस्ती तेच करतात. येताना लांबूनच ओरडतात, "आलो रे आलो, झाकपाक करा!" मग सगळे हसतात.

आता बाकीचं. माझ्या खोलीत एक मुलगी आहे, तिचं नाव गोगलगाय. ते तिनंच ठेवून घेतलंय, कारण ती कुबडी घेऊन चालते. म्हणते, "मी हळू चालत नाही, तुम्हालाच घाई झालीय." तिच्या डोक्यात गाठ होती, ती काढली, पण अजून फिट येतात. म्हणून तिच्याबरोबर सतत कुणीतरी असतंच. माझ्या डोक्यावर आता केस आलेत ना, त्यावरून तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "पायपुसणं." मी तिला काय म्हणाले ते लिहीत नाही, तुम्ही रागवाल.

तळ्यात होडी चालवली. आणि आजोबा, इथं मला काय झालं होतं ते कुणाला समजावून सांगावंच लागत नाही.

तुमची किल्ली

ता. क. फोन ऑफिसात जमा केलेत, म्हणून पत्र.

८ मे
आजोबांकडून शिबिरप्रमुखांस

माननीय शिबिरप्रमुख बाई यांस नमस्कार.

आम्ही घरी जिला किल्ली म्हणतो, त्या मुलीचा मी आजोबा. मी कुलपांचा कारागीर असून चौथी उत्तीर्ण आहे. ही त्या काळची चौथी आहे, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या इमारतीत एकाही दाराला आतून कडी नाही असे समजते. आतून कडी नसलेल्या जागा मला तीनच ठाऊक आहेत: तुरुंग, गोठा आणि कोंबड्यांचे खुराडे. आपले शिबिर यांपैकी कशात मोडते ते लिहावे.

दुसरे असे की सर्व किल्ल्या एका सुताराकडे असतात. सुतार हा लाकडाचा माणूस. लोखंड त्याच्या हाती कशासाठी? हा गृहस्थ कोण, कोणाच्या ओळखीने आला, आणि आधीच्या ठिकाणाहून का गेला? माझ्या मते त्यास दूर करणे बरे.

मुलीच्या पत्राचे पाकीट दोनदा चिकटवलेले होते. मुलांची पत्रे कोण वाचतो?

शेवटी, मुलगी अतिशय आनंदात असल्याचे दिसते. हे एवढ्या लवकर कसे घडले, याचाही खुलासा व्हावा.

आपला,
किल्लीचा आजोबा

११ मे
शिबिरप्रमुखांकडून आजोबांना

आदरणीय आजोबा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हसू आवरून. रागावू नका.

कड्या आम्हीच काढून टाकल्या आहेत. आमच्याकडच्या मुलांपैकी कुणाला चक्कर येते, कुणाला फिट येते, कुणाचं रक्त एकदा वाहू लागलं की थांबत नाही. अशा वेळी दार आतून बंद असेल तर ते फोडण्यात जाणारा वेळ आम्हाला परवडत नाही. एवढंच कारण आहे, आणि ते लहान नाही.

सुतारकाका इथे अगदी सुरुवातीपासून आहेत. त्यांना दूर करायचं म्हणजे आधी मला जावं लागेल. पाकीट तुमच्या नातीनंच दोनदा चिकटवलं, ता. क. नंतर सुचला म्हणून माझ्या टेबलावर येऊन तिनं ते उघडलं आणि माझाच डिंक संपवला. पत्रं आम्ही वाचत नाही.

आनंदाचा खुलासा माझ्याकडे नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या घरची माणसं येतात. तेव्हा या, एकेक दार स्वतः दाखवीन.

शिबिरप्रमुख

१३ मे
आजोबांकडून नातीस

चि. किल्ली हिस आशीर्वाद.

बाईंचे उत्तर आले. अक्षर फार सुरेख आहे. इतक्या सुरेख अक्षरात उत्तर आले म्हणजे मला आपलाच प्रश्न पुन्हा एकदा वाचावासा वाटतो. जो माणूस गेला तर बाईंना जावे लागते, असा माणूस मी अजून कोणत्याही इमारतीत पाहिलेला नाही.

सोबत पार्सल आहे. वर साबण आणि टॉवेल आहे. टॉवेलच्या घडीत पितळी कडी, स्क्रू आणि तुझा लहान पेचकस ठेवला आहे. कडी खोलीच्या दाराला आतून लाव. टोकदार खिळ्याने आधी खूण कर. स्क्रूला साबण चोळ, म्हणजे लाकूड चिरणार नाही आणि आवाजही होणार नाही. हे सर्व मी तुला शिकवलेलेच आहे. हात घाबरू देऊ नकोस. झोपताना कडी लावावी, उठल्यावर काढावी.

कोणी विचारल्यास साबणाविषयी बोलावे.

तुझे आजोबा

१७ मे
किल्लीकडून आजोबांना

आजोबा,

साबण पोचला. तुमचं काम झालं. एकही स्क्रू वाकडा नाही, लाकडाला साधा ओरखडा नाही. लावली की फक्त 'खट'. गोगलगायीला तो 'खट' इतका आवडलाय की दिवसभर तोंडानंच म्हणत असते. सिस्टरांना वाटतं तिचा दात दुखतोय.

जास्त लिहीत नाही, होड्यांची शर्यत आहे. तुम्ही आता शांत झोपा.

किल्ली

२२ मे
शिबिरप्रमुखांकडून आजोबांना

आदरणीय आजोबा,

तुमची नात सुखरूप आहे, हे सगळ्यात आधी.

परवा सकाळी तिच्या खोलीतल्या मुलीला बाथरूममध्ये फिट आली. दार आतून बंद होतं. आमच्याकडचं दार बंद असू शकतं हे कुणाच्या ध्यानातच येईना. आम्हाला वाटलं, ती दाराला टेकून पडली आहे, म्हणून आम्ही हळूहळू ढकलत राहिलो. शेवटी सुतारकाकांनी खांद्यानं दार तोडलं. मुलीला डोक्याला लागलंय, जुन्या ऑपरेशनच्या अगदी शेजारी. ती इस्पितळात आहे. शुद्धीवर आहे, बोलते. डॉक्टर मात्र अजून ठाम काही सांगत नाहीत.

तुटलेल्या दाराला आतून पितळी कडी होती. ती कुणी लावली ते कुणीच सांगत नाही. हत्यारं फक्त सुतारकाकांकडे असतात, म्हणून आमच्या समितीनं त्यांना घरी बसवलंय. ३० तारखेला, शनिवारी, बैठक आहे. बहुधा त्यांना काढतील. ते एवढंच म्हणतात, "मी लावली नाही."

कडीचा फोटो सोबत पाठवते. तुम्ही याच कामातले. हे काम कुणाच्या हातचं असेल, काही सांगता येईल का?

शिबिरप्रमुख

२३ मे
किल्लीकडून आजोबांना

आजोबा,

मी कडी खोलीच्या दाराला नव्हती लावली. बाथरूमच्या दाराला लावली होती.

गोगलगाय म्हणाली होती, "मला आठवतंय तेव्हापासून मी कधी एकटी आंघोळ केलेली नाही. एकदा तरी दार लावून बघायचंय. बाहेरून कुणी 'झालं का गं, झालं का गं' करत नाहीये असं." मग मी म्हटलं, थांब, माझ्याकडे आहे. सिस्टरांना सांगायचे की मी आहे तिच्याबरोबर, आणि मी बाहेरच उभी असायचे. ती आत मोठ्यांदा गाणी म्हणायची. फार बेसूर. त्या दिवशी गाणं मध्येच थांबलं. मला वाटलं, ओळ विसरली. मग हाका मारून सगळ्यांना बोलावलं, पण आत कडी आहे हे तेव्हा मी सांगितलंच नाही.

सुतारकाकांना घरी पाठवलंय. मला कुणी विचारतसुद्धा नाही. सगळे मला जवळ घेतात आणि म्हणतात, "बिचारी घाबरलीय."

सांगितलं तर मला घरी पाठवतील. मग गोगलगाय परत येईल तेव्हा तिच्या शेजारच्या खाटेवर मी नसेन. तिला वाटेल, मी पळून गेले.

सांगू का? लगेच लिहा.

किल्ली

२५ मे
आजोबांकडून शिबिरप्रमुखांस

माननीय बाईंस नमस्कार.

आपण माझे मत विचारले, त्याअर्थी देतो. कडी ओतीव पितळेची असून बाजारू नव्हे. फोटोत दिसते त्याप्रमाणे सर्व स्क्रू एका रेषेत आहेत. दार तुटले तरी स्क्रूंभोवती लाकूड कोठेही चिरलेले नाही. काम अतिशय स्वच्छ आहे. असे काम नीट शिकवलेल्या हाताचेच असते.

आपल्या सुताराचा हात कसा आहे, हे मी पाहिलेले नाही. सर्व किल्ल्या एका माणसाकडे असू नयेत असे मी पूर्वीच सुचविले होते, एवढे स्मरण देतो.

जखमी मुलीस लवकर आराम पडावा.

किल्लीचा आजोबा

२५ मे
आजोबांकडून नातीस

चि. किल्ली हिस आशीर्वाद.

विचारल्याशिवाय बोलू नये. विचारल्यास आजोबांना पत्र लिहिते असे सांगावे आणि मला लिहावे. बाईंनी मला कडीचा फोटो पाठवला आहे. तो भाबडेपणाने पाठवला की गळ टाकला, हे अजून ठरत नाही.

सुतार हा जाणता माणूस आहे. त्यास दुसरे काम मिळेल. तुला दुसरी तब्येत मिळणार नाही. तेथे तुला उतार पडतो आहे, तर तेथेच राहावेस.

नीट जेव. हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझे आजोबा

२७ मे
किल्लीकडून आजोबांना

आजोबा,

पत्र फाडलं नाही.

आज सुतारकाका आपली हत्यारांची पेटी न्यायला आले होते. आले तेव्हा ओरडले नाहीत. गपचूप आले, म्हणून दोन मुलं दचकली. मी त्यांच्या मागे मागे गेले. मी विचारलं, "काका, तुमचा खांदा दुखतोय का?" तर म्हणाले, "दुखतोय तर काय. एका धक्क्यात दार निघालंच नाही गं पोरी. ज्यानं कुणी ती कडी लावली, त्यानं हात राखून नाही लावली." आणि माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तुम्ही लिहिलंत, त्यांना दुसरं काम मिळेल. तुम्हाला कुणी दुकान बंद करून दुसरं काम बघा म्हणालं तर? तुम्ही त्याचं डोकं ऐरणीवर ठेवाल.

आजोबा, तुम्हाला सगळ्यांचा संशय येतो. बाईंचा, काकांचा, पाकिटाचा. मी हसले तर माझ्या हसण्याचासुद्धा. आपला तेवढा येत नाही.

मी शनिवारी समितीसमोर जाऊन सांगणार आहे. तुमचं नाव घेणार नाही. घाबरू नका.

किल्ली

२९ मे
आजोबांकडून शिबिरप्रमुखांस

माननीय बाईंस नमस्कार.

टपालाने हे पत्र उद्याच्या बैठकीपूर्वी पोचणार नाही. सबब बसच्या कंडक्टरजवळ देत आहे. तो माझ्या ओळखीचा नाही.

कडी माझी आहे. मी ओतली, मी पाठवली, आणि साबण चोळून आवाज न होऊ देता कशी लावावी, हेही मीच मुलीस लिहून कळवले. तिने वडीलधाऱ्याची आज्ञा पाळली. तिचा दोष नाही. सुताराचा तर मुळीच नाही. त्याने दार तोडले नसते तर आज हे पत्र लिहिण्याचीही मला सोय उरली नसती.

माझ्या २५ तारखेच्या पत्रात खोटे वाक्य एकही नाही. मात्र ते संपूर्ण पत्र खरे दडवण्यासाठी लिहिलेले होते. खोटे बोलण्यापेक्षा हे हलके आहे, असे मी मानत नाही.

आपण कड्या का काढल्या, हे आपण मला स्पष्ट लिहिले होते. ते मी वाचले, आणि मला ते पटलेही. पटूनही पार्सल पाठवले. माझ्या नातीचे दार मी सोडून दुसऱ्या कोणी ठरवावे, हे मला सोसले नाही. काळजी म्हणून मी जे काही लिहीत होतो, त्याच्या तळाशी एवढेच होते.

समितीने जी शिक्षा करावयाची ती मला करावी. मुलीस घरी पाठवू नये. ही विनंती आहे. मला विनंती करण्याचा सराव नाही. तिची रीत चुकली असल्यास सांभाळून घ्यावे.

किल्लीचा आजोबा

२ जून
शिबिरप्रमुखांकडून आजोबांना

आदरणीय आजोबा,

कंडक्टरनं तुमचं पत्र स्वतः चालत येऊन हातात दिलं. ते मी बैठकीत वाचायला घेणार, तोच तुमची नात दार ढकलून आत आली. म्हणाली, कडी आजोबांच्या दुकानातून मी चोरून आणली, त्यांना काही माहीत नाही. मग मी तुमचं पत्र वाचलं. ती मध्येच ओरडली, "आजोबांना नीट आठवत नाही, त्यांचं वय झालंय!" समितीतल्या एकांनी विचारलं, "मग या दोघांत खोटं कोण बोलतंय?" मी म्हटलं, "दोघंही दुसऱ्याच्या वाटणीचं आपल्या अंगावर ओढताहेत."

मला मात्र तुमच्या २५ तारखेच्या पत्रानंच कळलं होतं. आमच्या प्रत्येक दाराला नावं ठेवणारा माणूस नेमकी या एकाच कामाची तारीफ करतो, ते काम कुणाचं असणार? तरी मी शनिवारपर्यंत गप्प राहिले. तुम्ही बोलता का, ते मला पाहायचं होतं. तुम्ही बोलला नसतात तर मी बोलले असते.

सुतारकाका रविवारपासून कामावर आहेत.

मुलगी परत आली आहे. जखम भरते आहे. पण तिचा डावा हात आधीसारखा चालत नाही. डॉक्टर म्हणतात, सुधारेल, किंवा नाही सुधारणार. आता तिची आई इथेच तिच्याजवळ राहते. किल्लीला घरी पाठवायचं का, हा निर्णय आम्ही त्यांच्यावर सोपवला होता. मुलगीच म्हणाली, "ती गेली तर मीही जाणार." मग आई हो म्हणाल्या. किल्ली शेवटपर्यंत राहील.

तुमच्याबद्दल मात्र त्यांनी नाही म्हटलं. शेवटच्या दिवशी तुम्ही फाटकाच्या आत येऊ नये, अशी त्यांची अट आहे. ती मी मान्य केली. दारं दाखवीन असं मी तुम्हाला लिहिलं होतं. मला वाईट वाटतं, पण मी त्यांच्या बाजूची आहे.

शिबिरप्रमुख

५ जून
आजोबांकडून नातीस

चि. किल्ली हिस आशीर्वाद.

बाईंचे पत्र पोचले. त्यात शंका घेण्यासारखे काही सापडले नाही.

शेवटच्या दिवशी तुझी आई आत येईल. मी फाटकाबाहेर उभा राहीन. यासंबंधी बाईंकडे रदबदली करू नकोस. त्या मुलीच्या आईपुढे तर माझा विषयही काढू नकोस. त्यांची अट योग्य आहे. त्यांच्या जागी मी असतो तर अशा म्हाताऱ्यास रस्त्याच्याही पलीकडे उभे केले असते.

तू समितीपुढे माझ्यासाठी खोटे बोललीस. त्याबद्दल तुला रागे भरावे असे ठरवून लिहावयास बसलो. कागद तसाच कोरा राहिला. दुकान लवकर बंद केले. माझे वय झाले आहे आणि मला आठवत नाही, एवढे वाक्य मात्र पुन्हा कोठे उच्चारू नयेस. मला सर्व आठवते. हीच तूर्त अडचण आहे.

मला आपला संशय येत नाही, असे तू लिहिलेस. आता येतो. काल एक गिऱ्हाईक मुलाच्या खोलीसाठी भक्कम कडी मागत होते. मी त्यांस मुलाला विचारलेत काय, असे विचारले. ते म्हणाले, "तुम्ही कड्या विकता की सल्ले?" आणि समोरच्या दुकानात गेले. तुझ्या आईने हे ऐकून कपाळावर हात मारला.

तुझ्या मैत्रिणीचा डावा हात कसा आहे, हे प्रत्येक पत्रात लिहावे. सुधारला असल्यास सुधारला, नसल्यास नाही. मला बरे वाटावे म्हणून काही लिहू नये. मी तिला पत्र लिहावे काय, हे तिलाच विचार. ती नको म्हणाली तर विषय तेथेच सोड.

शेवटच्या दिवशी माझ्यासाठी धावत बाहेर येऊ नकोस. तिच्याजवळ बसावयाचे तितके बस. ती हळू चालते. फाटकापर्यंत तुला पोचवण्यास आलीच, तर तिच्या पावलाने ये. ऊन असले तरी मी उभा आहे. आत काय चालले आहे, हे मी कोणासही विचारणार नाही.

तुझे आजोबा